आठ दिवसांनी म्हणजे नेमके किती दिवसांनी?

विद्यार्थी मित्रहो, पुढे वाचण्यापूर्वी कागद-पेन्सिल जवळ घ्या आणि एक साधे उदाहरण सोडवा.

‘सातपुड्यातील एका पाड्यावरचा शेतकरी दर आठ दिवसांनी बाजाराला जातो. एप्रिल महिन्यात तो पहिल्यांदा १ तारखेला बाजाराला गेला. तर त्या महिन्यात तो एकूण किती वेळा बाजाराला गेला?’

सोडवलेत? तुमच्यापैकी काहींनी १ मध्ये ८ मिळवत जाऊन १, ९, १७ आणि २५ अशा तारखा काढल्या असतील. त्यांचे उत्तर ४. दुसऱ्या काहींनी मनात म्हटले असेल, की बाजार म्हणजे आठवडे बाजार. तो ठरलेल्या वारीच भरणार. त्यांच्या तारखा १, ८, १५, २२ आणि २९. त्यांचे उत्तर ५.

आता पंचाईत पाहा. बेरीज कोणाचीच चुकलेली नाही. पण हे उदाहरण परीक्षेत आले, तर नमुना उत्तरपत्रिकेत एकच आकडा असणार. समजा, तेथे ४ लिहिले आहे. मग जो मुलगा कधीच आठवडे बाजाराला गेला नाही, त्याला गुण मिळेल. जो दर आठवड्याला वडिलांबरोबर डोंगर उतरून बाजाराला जातो आणि ‘आठ दिवसांनी’ म्हणजे काय हे अनुभवाने जाणतो, त्याचा गुण जाईल! गणित येत नाही म्हणून नव्हे. मराठी जशी बोलली जाते तशी त्याने वाचली म्हणून.

बोलताना आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा आज सोमवार असेल तर पुढचा सोमवारच अभिप्रेत असतो. आजचा सोमवार पहिला, उद्याचा मंगळवार दुसरा, असे बोटांवर मोजत गेलात की पुढचा सोमवार आठवा येतो. दोन्ही टोके मोजण्याची ही पद्धत फार जुनी आहे. ‘आठवडा’ या शब्दातच आठ लपलेले आहेत आणि दिवस मात्र सात! ‘पंधरवडा’ही तसाच. त्याच्या पाठीशी आणखी एक कारण आहे. चांद्र महिन्याच्या एका पक्षात तिथी पंधरा असतात. पण चंद्राचा अमावास्या ते अमावास्या हा काळ सरासरी २९.५३ दिवसांचा असल्यामुळे अर्ध्या महिन्याचे दिवस सुमारे पावणेपंधराच भरतात.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजू नका. फ्रेंच लोकही आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतात. प्राचीन रोममध्ये दर आठव्या दिवशी बाजार भरे. परंतु त्याचे नाव पडले होते ‘नुंदिने’, म्हणजे नवव्या दिवसाचा. मोजण्याच्या याच सवयीने रोमन लोकांना पुढे चांगलेच गोत्यात आणले. ज्यूलियस सीझरने सोसिजेनीस नावाच्या ज्योतिर्विदाच्या सल्ल्याने नवी कालगणना सुरू केली ती इ. स. पूर्व ४५ मध्ये. तिचा नियम असा, की दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा. पुढच्याच वर्षी सीझरचा खून झाला आणि नियमाचा अर्थ लावण्याचे काम पुरोहितांकडे आले. त्यांनी दोन्ही टोके मोजली. लीप वर्ष हेच पहिले धरले, म्हणजे पुढचे लीप वर्ष ‘चौथे’ येते ते तीनच वर्षांनी! ३६ वर्षांत ९ दिवस वाढायचे ते १२ वाढले. हे ध्यानात आल्यावर सम्राट ऑगस्टसला काही वर्षे लीप दिवस बंद ठेवून हिशेब जुळवावा लागला. एका साम्राज्याचे पंचांग तीन दिवसांनी घसरले, ते ‘दर चौथ्या’ या दोन शब्दांच्या दोन अर्थांमुळे.

अशा द्व्यर्थी जागा आपल्या शाब्दिक उदाहरणांत किती असतील? रस्त्याकडेच्या झाडांचे कोडे तुम्हांला ठाऊक असेलच. १०० मीटर रस्त्यावर दर १० मीटरवर एक झाड लावले, तर झाडे १० की ११? टोकांना झाडे आहेत की नाहीत हे सांगितल्याशिवाय उत्तर नाही. आणि रस्त्याच्या एका बाजूला की दोन्ही? ते सोडू या. त्याहून अधिक गमतीच्या जागा आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांत दडल्या आहेत.

‘ने’ची करामत

नंदुरबारची लाल मिरची प्रसिद्ध आहे. हंगामात ओल्या मिरचीचा बाजार भरतो आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर, ज्यांना तेथे पथारी म्हणतात, ती मिरची वाळत घालतात. (तेव्हा ‘१० क्विंटल मिरची’ असे उदाहरणात आले, की ओली की सुकी हे आधी विचारावे!) आता ही तीन वाक्ये वाचा. मिरचीची आवक १०० क्विंटल होती.

ती ५० क्विंटलने वाढली.
ती ५० टक्क्यांनी वाढली.
ती तिपटीने वाढली.

पहिल्या वाक्यातील ‘ने’ वाढ किती झाली ते सांगतो. नवी आवक १५० क्विंटल. दुसऱ्यातील ‘नी’ही तेच सांगतो, पुन्हा १५०. मग तिसऱ्यातला ‘ने’ही वाढच सांगत असेल, तर वाढ झाली १०० ची तिप्पट, म्हणजे ३००, आणि नवी आवक ४०० क्विंटल. परंतु बाजारात कोणालाही विचारा. ‘तिपटीने वाढली’ म्हणजे १०० ची ३०० झाली, असेच तो सांगेल. वर्तमानपत्रांतही बहुधा हाच अर्थ असतो. तोच प्रत्यय, तेच क्रियापद, आणि अर्थ मात्र दोन.

यात बरोबर कोण? माझे मत विचाराल तर बाजारातला माणूस बरोबर. भाषा वापराने ठरते. पण पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ‘तिपटीने वाढली’ असे मुळात लिहूच नये. ‘तिप्पट झाली’ असे लिहिले की वाद मिटला. ‘दुपटीने कमी झाली’ हे तर आणखी विचित्र. १०० मधून १०० ची दुप्पट वजा केली, तर शिल्लक उणे १०० क्विंटल मिरची! ‘निम्मी झाली’ म्हणायला काय हरकत आहे?

टक्क्यांतही असाच एक खड्डा आहे. २००१ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. २०११ मध्ये ते सुमारे ६४ टक्के झाले. वाढ किती? ‘८ टक्के’ असे उत्तर कानावर येईल. पण ५६ वर ८ म्हणजे एकसप्तमांश, अर्थात १४ टक्क्यांहून थोडे अधिक. एकच घटना कोणी ‘८ टक्के वाढ’ म्हणून सांगेल आणि कोणी ‘१४ टक्के वाढ’ म्हणून, आणि दोघेही खोटे बोलत नसतील. यासाठी पहिल्या वाढीला ‘८ टक्केबिंदू’ म्हणण्याची पद्धत आहे. ती शाळेतच शिकवली तर बरे होईल.

आता कंसाकडे वळू या. लिहिताना आपण कंस घालतो. बोलताना कंस कोठे घालणार? ‘पाच आणि तीनची दुप्पट’ म्हणजे ११ की १६? एकटी ‘ची’ फक्त तीनला चिकटली, तर ११. पण ‘पाच आणि तीन यांच्या बेरजेची दुप्पट’ म्हटले, की ‘यांच्या’ हा शब्द कंसाचे काम करतो आणि उत्तर १६ येते. असाच एक गुणी शब्द म्हणजे ‘प्रत्येकी’. ‘चार मैत्रिणींनी सहा टोपल्या मोह वेचला’ यात टोपल्या ६ की २४? ‘प्रत्येकी’ घातले की २४, ‘मिळून’ घातले की ६. एका शब्दाची कंजूषी केली, की वर्गात दोन तट पडतात.

शेकडा तीन

आतापर्यंतच्या गोष्टी गुणांच्या होत्या. ही पैशाची आहे. घरी सर्वांना वाचून दाखवा.

जुन्या पुस्तकांत व्याजाच्या उदाहरणांत ‘द. सा. द. शे.’ अशी अक्षरे असत आणि मुले ती मंत्रासारखी म्हणत. दर साल, दर शेकडा. वरवर पाहता कंटाळवाणा शब्दप्रयोग. पण त्याने दोन प्रश्नांची उत्तरे एकदम दिलेली आहेत. किती रुपयांवर? शंभरावर. किती काळात? एका वर्षात. आता खासगी सावकाराची भाषा ऐका. तो नुसते ‘शेकडा तीन’ म्हणतो. ‘साल’ गायब! त्याच्या व्यवहारात काळ न सांगता गृहीत धरलेला असतो आणि तो बहुधा महिना असतो.

करून पाहा. ५,००० रुपये दोन वर्षांसाठी ‘शेकडा तीन’ने घेतले, सरळव्याजाने. शाळेच्या सवयीने वर्ष धरले तर व्याज ५,००० × ३ × २ ÷ १०० = ३०० रुपये. महिना धरला तर काळ २४ महिने, आणि व्याज ५,००० × ३ × २४ ÷ १०० = ३,६०० रुपये. बारा पट! म्हणजे तो दर साल दर शेकडा ३६ आहे. बँकेच्या दराशी तुलना करायची तर तीनाशी नव्हे, छत्तिसाशी केली पाहिजे. येथे गुणाकार कोणाचा चुकत नाही. विचारायचा राहिलेला एकच प्रश्न असतो: ‘कशाला तीन, महिन्याला की वर्षाला?’

मापांचेही तसेच. इंग्रजी अमदानीतला चाळीस शेरांचा सरकारी मण सुमारे ३७.३ किलोचा होता आणि प्रांतोप्रांतीचे मण निराळेच होते. भारतात १९५८ पासून वजनांची मेट्रिक पद्धत लागू होऊ लागली. पण ‘मण’ हा शब्द गेला नाही. गुजरातच्या बाजारांत आजही २० किलोच्या मणावर भाव बोलतात. नवापूर किंवा तळोद्याहून पलीकडे माल नेणाऱ्याने भाव ऐकताना मणही विचारून घ्यावा.

वीस एक

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, शंभरातील सुमारे ६९ लोक आदिवासी समाजांचे आहेत. घरांत भिली, पावरी, मावची बोलतात. सपाटीवर अहिराणी, गुजरी. पाठ्यपुस्तकातील मराठी ही यांतल्या पुष्कळ मुलांची घरची भाषा नाही. खरे म्हणजे ‘अनुक्रमे’, ‘क्रमागत’, ‘प्रत्येकी’ हे शब्द पुण्याच्या मुलाच्या घरीही रोज कोणी बोलत नाही. पण त्याला निदान बाकीचे वाक्य ओळखीचे असते.

संख्यांच्या नावांबद्दल २०१९ साली महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘बावीस’बरोबर ‘वीस दोन’ असे वाचन दिले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे, की जोडाक्षरांनी भरलेली आणि लिहिण्याच्या उलट क्रमाने बोलली जाणारी नावे लहान मुलांना जड जातात. जुनी नावे काढलेली नाहीत, सोपी वाट जोडीला दिली आहे. हा मुद्दा वजनदार होता. २१ लिहिताना आधी २ आणि मग १ लिहायचा, पण म्हणताना ‘एक’ आधी. कानडी किंवा इंग्रजीत मात्र वीस आधी, मग एक. दुसरी भाषा बोलणाऱ्या घरातल्या मुलाला तर एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव वेगळे पाठ करावे लागते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने यात एक मजेदार अडचण आहे. बोली मराठीत ‘वीस एक माणसे आली होती’ याचा अर्थ काय? सुमारे वीस! कदाचित अठरा, कदाचित बावीस. म्हणजे पुस्तकातील अगदी नेमकी संख्या आणि बोलण्यातील अगदी सैल अंदाज, दोन्हींची नावे एकच. ‘वीस दोन’ला ही अडचण नाही, ‘वीस एक’लाच आहे. वादात कोण जिंकले यापेक्षा मला हे अधिक उद्बोधक वाटते. शब्द बदलला की जुनी गाठ सुटते आणि भलत्याच ठिकाणी नवी बसते.

मोर आणि साप

मग निःसंदिग्ध उदाहरण रचताच येत नाही काय? येते. आणि त्याचा नमुना आपल्या खानदेशाशीच जोडलेला आहे. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, अशी त्यात नोंद आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. नऊ हात उंच खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या टोकावर मोर बसला आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येताना त्याने पाहिला आणि तिरक्या रेषेत त्याच्यावर झेप घेतली. दोघांची चाल सारखी. बिळापासून किती हातांवर ते भेटतील?

बिळापासूनचे अंतर ‘क्ष’ माना. साप २७ − क्ष इतका चालला. मोर कर्णावरून उडाला; त्या कर्णाचा वर्ग ८१ + क्ष². दोन्ही अंतरे सारखी, म्हणून ८१ + क्ष² = (२७ − क्ष)². यावरून क्ष = १२ हात.

आता हे उदाहरण कसे रचले आहे ते पाहा. बीळ कोठे, तर बुडाशी. उड्डाण कसे, तर तिरके. अंतर ‘तिप्पट’, ‘तिपटीने जास्त’ नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाल सारखी. हा एक तपशील गाळून पाहा. मोर सापाच्या दुप्पट वेगाने उडतो असे धरले, तर गाठ १२ ऐवजी सुमारे १७.३ हातांवर पडते. हे उदाहरण छंदोबद्ध श्लोकात आहे. तेथे एकेक अक्षर तोलून घालावे लागते. तरीही भास्कराचार्यांनी जरूर तो शब्द सोडला नाही. आपल्या प्रश्नपत्रिका गद्यात असतात!

वाचणाऱ्याचीही एक बाजू आहे. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे गणिताच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्यांनी लहान मुलांना विचारले: ‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचे वय किती?’ ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्या जोडून-तोडून वय काढून दिले. २०१८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात पाचवीच्या परीक्षेत हाच प्रश्न आला आणि जगभर गाजला. हसू येते खरे. पण मुलांना इतकी वर्षे काय शिकवले होते? की पुस्तकातील प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते, ते एकच असते, आणि दिलेल्या सर्व संख्या वापरल्या की ते मिळते. जो मुलगा ‘गुरुजी, हे कळत नाही’ म्हणून हात वर करतो त्याला ‘नीट वाच’ असे उत्तर मिळते. आणि त्याने नीट वाचले होते म्हणूनच तर त्याला कळत नव्हते.

तेव्हा संदिग्ध उदाहरण समोर आले, तर गप्प बसू नका. पहिल्या ओळीत लिहा: ‘आठ दिवसांनी म्हणजे दर आठवड्याला, असे मी धरले आहे.’ मग पुढे सोडवा. शिक्षक मित्रांना विनंती अशी, की ही ओळ लिहिणाऱ्याचे उत्तर त्याच्या गृहीतावरून तपासावे.

आणखी एक प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. उदाहरण फळ्यावर मराठीत लिहा आणि सोडवण्याआधी एका मुलाला ते पावरीत, दुसऱ्याला भिलीत, तिसऱ्याला अहिराणीत सांगायला लावा. भाषांतर करणाऱ्याला संदिग्ध शब्द तसाच पुढे ढकलणे अवघड जाते. बहुधा त्याला ठरवावेच लागते. ‘प्रत्येकी’ असेल तर तसे म्हणावे लागते, ‘मिळून’ असेल तर तसे. जेथे दोन मुले दोन वेगळे अर्थ सांगतील, तेथे प्रश्नच दुरुस्त करायला हवा हे सर्वांना दिसेल. ज्या मुलांची बोली वर्गात अडचण समजली जाते, तीच मुले या कामात सर्वांच्या पुढे असतील.

आता जाता जाता तुमच्यासाठी एक उदाहरण. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते. फलाटावर एक बाक असे आहे, की त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. त्या बाकावर तीन मुले बसली आहेत; एक अगदी मधोमध. त्यांतली महाराष्ट्रातली मुले किती? उत्तर पाठवू नका. या प्रश्नाचे किती अर्थ होतात ते मोजा, आणि प्रत्येकासाठी प्रश्न असा पुन्हा लिहा, की शेजारी बसलेल्याला तुम्हांला काहीही विचारावे लागणार नाही.